पूर्ण भरणा

“तुषार अमृतकर म्हणजे तुमचे मिस्टर ना?” बँकेतले गाडे साहेब कॉम्प्युटरवरची नजर न हलवता म्हणाले. “यांचं कधी क्रेडिट कार्ड होतं का?”

“होतं. पण ते केव्हाच मिटलं. एक पैसा बाकी नाही,” मी ठसक्यात सांगितलं.

“मिटलं ना, तिथेच घोडं अडलंय वहिनी.”

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. मागच्याच आठवड्यात याने मला समोर बसवून चहा पाजला होता आणि ‘फाइल स्वच्छ आहे, घर झालं समजा’ म्हणून सांगितलं होतं. त्या जोरावर मी घरी जाऊन शिरा केला होता. आता तोच माणूस पडदा माझ्याकडे वळवून एका ओळीवर पेन टेकवत होता.

“हा शेरा बघा. ‘सेटल्ड’. म्हणजे तडजोड. देणं होतं नव्वद हजार, भरले पस्तीस. उरलेल्या पंचावन्नवर त्या कंपनीने पाणी सोडलं. आमच्या हेड ऑफिसने नेमकं तेच पकडलंय.”

“अहो, पण कंपनीने लेखी दिलंय. पत्र आहे आमच्याकडे.”

“आता मागणार नाही, असं लेखी दिलंय. विसरणार नाही, असं कुठे दिलंय?”

 तरी मी हटले नाही. म्हटलं, “मग यांचं नाव काढा. कर्ज माझ्या नावावर द्या. मी ब्लाउज शिवते, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. आयुष्यात कुणाकडून वाटीभर साखर उसनी घेतली नाही मी.”

“तीच अडचण आहे. तुमच्या नावावर काही दिसतच नाही. घेतलंच नाही, तर फेडता की नाही हे कळणार कसं?”

“भिशी भरते की! आमच्या गल्लीतल्या बायकांची. एकदाही हप्ता चुकवला नाही. विचारा कुणालाही.”

“भिशीची नोंद कुठे होते वहिनी?” गाडे साहेब बिचारे वाईट तोंड करून म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. “याआधी कुठे अर्ज केला होता का?”

“दोन वर्षांपूर्वी केला होता, घरासाठीच, दुसऱ्या बँकेत. नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, यांची नोकरी तेव्हा नवी होती म्हणून असेल.”

त्यांनी पडद्यावरची तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पडदा परत आपल्याकडे वळवला. मला तेवढ्यावरून कळायचं ते कळलं.

त्या घरात आमचं काय अडकलं होतं ते आधी सांगते. आम्ही नाशिकला, पंचवटीत, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. इमारतीला लिफ्ट नव्हती. माझ्या सासूबाई, म्हणजे माई, दोन-अडीच वर्षांपूर्वी मोरीत पडल्या आणि मांडीच्या हाडात सळई घालावी लागली. सपाटीला काठी टेकत चालायच्या, पण जिना म्हटलं की संपलं. तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. सकाळी भाजीवाली आली की गॅलरीतून दोरीला बांधून पिशवी सोडायच्या, वरूनच मेथीची जुडी उलटी करून दाखवायला लावायच्या आणि तेवढ्यात गल्लीच्या सगळ्या बातम्या काढून घ्यायच्या. आधी ही बाई रोज दोनदा गोदाघाटावर जाऊन यायची. आता गॅलरीच्या कठड्याला रेलून तिकडच्या दिशेला नुसती बघत बसायची. माझ्यासमोर कधी रडली नाही, पण मी शिवणाच्या मशीनवरून तिची पाठ बघायचे ना, मला तेवढी पुरायची.

तळमजल्याचं घर भाड्याने काही केल्या मिळत नव्हतं. खालच्या जागा सगळ्या दवाखान्यांना आणि क्लासेसना जायच्या. अशात आमच्याच गल्लीतल्या देवरे काकांनी आपलं तळमजल्याचं घर विकायला काढलं. मुलाकडे बंगळुरूला जाणार होते. मी भिशी उचलली, तुषारने साठवलेलं सगळं काढलं आणि आम्ही विसार दिला. सौदा पावतीवर मुदत महिनाअखेरची. चुकलो तर विसार गेला आणि घरही गेलं, कारण एक दातांचा डॉक्टर रोज येऊन देवरे काकांच्या ओट्यावर बसत होता.

“काही मार्ग?” मी गाडे साहेबांना विचारलं.

“एकच आहे. त्या कार्डवाल्यांकडे जा. सोडून दिलेले पंचावन्न हजार आत्ता भरा. त्यांच्याकडून पत्र आणा. पत्रात ‘पूर्ण भरणा’ असे शब्द पाहिजेत. ‘तडजोड’ हा शब्द कुठेही नको. पाच हजार जरी कमी भरलेत तरी शेरा तोच राहतो. शुक्रवारपर्यंत आणलंत तर मी साहेबांच्या हातापाया पडून फाइल पुढे सरकवतो.”

बँकेच्या पायऱ्यांवरच मी तुषारला फोन लावला. तो तेव्हा सिल्वासाच्या कंपनीत होता, शनिवारी रात्री यायचा आणि रविवारी निघायचा. 

“पैसे मी इथे कुणाकडून तरी उचलतो,” सगळं ऐकून तो म्हणाला. “पण ज्योत्स्ना, अण्णांना यातलं अक्षर कळता कामा नये. मोडून पडतील ते.”

ते खरंच होतं. अण्णा म्हणजे माझे सासरे, मुरलीधर अमृतकर. मेन रोडच्या एका साडीच्या दुकानात, गादीवर उभा जन्म काढलेले. बाई साडीचा पदर कसा हातात घेते त्यावरून ती किती देणार हे सांगायचे. आणि विकणाऱ्याचं सगळं पोटातलं माहीत असल्यामुळे स्वतः गिऱ्हाईक झाले की समोरच्याला घाम फोडायचे. आमच्या नात्यात फ्रीज घ्यायचा असो, मंगल कार्यालय ठरवायचं असो, आधी अण्णांना रिक्षा पाठवली जायची. भाव पाडणं हे आमच्याकडे कर्तृत्व. ज्याने छापील किमतीला वस्तू आणली त्याची घरात आठवडाभर टिंगल व्हायची.

तुषारची सातपूरची कंपनी बंद पडली तेव्हा घर त्या कार्डावर चाललं. किराणा कार्डावर, औषधं कार्डावर, मुलीची फी कार्डावर. महिन्याला कमीत कमी रक्कम भरत गेलो आणि वरचं व्याज कसं चढत गेलं ते आम्हाला कळलंही नाही. मग वसुलीचे फोन सुरू झाले. तुषारला, मला, शेजारच्या खैरनारांना सुद्धा. फोन वाजला की तुषार मोरीत जाऊन कडी लावून बसायचा. एक दिवस अण्णांनी धुतलेला शर्ट घातला, कापडी पिशवी घेतली आणि एकटेच त्या कंपनीच्या ऑफिसात गेले. संध्याकाळी आले ते पेढे घेऊन. “नव्वदचे पस्तीसला!” दारातूनच ओरडले. “आणि वर पत्र. आता कुणाच्या बापाचं देणं नाही.” तुषार त्या रात्री लहान मुलासारखा झोपला.

तो किस्सा मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात झाला. अण्णा पानाला चुना लावत लावत सांगायचे, मंडळी मांडीवर थाप मारायची. आयुष्यभर दुसऱ्याच्या दुकानात उभं राहिलेल्या माणसाची ती एकच मोठी जीत होती. ती खोटी निघाली, हे त्यांना कोण सांगणार?

माझ्यावरच आलं ते. कारण कार्ड कंपनीत फोन केला तर त्यांनी जुन्या पत्राचा नंबर मागितला, आणि पत्र होतं अण्णांच्या पेटीत.

संध्याकाळी माई देवाशी बसल्या होत्या. मी अण्णांपुढे चहा ठेवला आणि अगदी सहज विचारल्यासारखं केलं. “अण्णा, ते कार्डवाल्यांचं पत्र जरा हवं होतं. बँकेला झेरॉक्स पाहिजे.”

अण्णांनी कप उचलला, खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“झेरॉक्ससाठी चेहरा असा होत नाही. खरं काय ते सांग.”

मी सांगितलं. काय करणार? त्या माणसापुढे भल्याभल्या बायकांचं खोटं टिकलं नव्हतं. हळू आवाजात, माईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने, गाडे साहेबांनी दाखवलेली ओळ सांगितली, शेरा सांगितला, पंचावन्न हजार सांगितले. दोन वर्षांपूर्वीच्या अर्जाबद्दल मात्र मी चकार शब्द काढला नाही.

अण्णा आधी चिडलेच. “हे काय? सौदा झाला म्हणजे झाला! मी काय त्यांच्या मानेवर सुरी ठेवली होती? हसत हसत दिलं त्यांनी. चहा पाजला मला!”

“हो अण्णा. पण त्यांनी ते लिहून ठेवलंय.”

“अगं, आमच्या दुकानात बाई भाव पाडून गेली तर आम्ही तिचं नाव लिहून दुसऱ्या दुकानात पाठवायचो का? हा कुठला धंदा झाला?”

“हे पाठवतात. सगळ्या बँकांना दिसतं.”

“मग त्या दिवशी तोंडाने का नाही सांगितलं?”

 अण्णांचा आवाज चढला तशी आतून माईंची घंटा थांबली. “काय झालं गं?” त्यांनी विचारलं. “काही नाही माई, बँकेचं बोलतोय,” मी म्हटलं. अण्णा उठले, पेटी उघडली, घडी घातलेलं पत्र माझ्या हातात दिलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. रात्री जेवायला बसले, पण ताटातला भात नुसता चिवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी तुषारचा फोन आला. मित्राकडून वीसच मिळत होते. मी भावाला विचारायचं म्हणून फोन हातात घेतला, तर मागून अण्णा म्हणाले, “कुणाला विचारू नकोस. पैशांचं मी बघतो. तू तुषारचं अधिकारपत्र मागवून घे. आपण दोघं जाऊ.”

“तुम्ही कुठून बघणार अण्णा?”

“ते मी बघतो म्हटलं ना?”

पैशांची चिंता मिटली खरी, पण माझ्या जिवाला दुसराच घोर लागला. अण्णा येणार म्हणजे अण्णा बोलणार. आणि अण्णा बोलणार म्हणजे भाव करणार. त्यांच्या तोंडून रक्कम ऐकून ‘बरं, घ्या’ असे शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकले नव्हते. देवाला नारळ घेतानाही घासाघीस करणारा माणूस तो. पाच हजार कमी झाले की माई गॅलरीतच राहणार, हे गाडे साहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी निघालो. अण्णांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरली होती. रिक्षात मी शेवटचं समजावून बघितलं.

“अण्णा, आज भाव करायचा नाही बरं का.”

“मला शिकवतेस?”

“शिकवत नाही हो. हात जोडते. ते सांगतील तेवढे द्यायचे आणि पत्र घ्यायचं.”

अण्णा बाहेर बघत राहिले. हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. माझा जीव टांगणीला लागला.

ऑफिस शरणपूर रोडला, पहिल्या मजल्यावर होतं. काउंटरला बोरसे मॅडम नावाची तरुण मुलगी होती. तिने पत्राचा नंबर टाकला, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा टाकला.

“काका, हे खातं तर बंद झालंय. तुम्हाला काही भरायचं नाही.”

“मला भरायचंय,” अण्णा म्हणाले.

“काय?”

“त्या वेळी सोडून दिलेले पैसे भरायचेत.”

पोरीने माझ्याकडे बघितलं. या म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं ते बघणं होतं. मी घाईघाईने गृहकर्जाचं सांगितलं, शेरा बदलून हवाय म्हटलं. ती आत साहेबांकडे गेली आणि हसत हसत बाहेर आली.

“साहेब खूश झाले काका. म्हणाले, असं आपण होऊन कुणी येत नाही. तुमच्यासाठी खास सवलत देतायत. पंचवीस हजार भरा, बाकीचं आम्ही माफ करतो. आत्ताच्या आत्ता पत्र काढून देते.”

मी मध्येच म्हटलं, “नाही मॅडम, सवलत नकोय, आम्हाला पत्रावर—”

“तू थांब जरा,” अण्णा म्हणाले.

मी बघितलं तर अण्णा खुर्चीत मागे रेलले होते. एका पायावर दुसरा पाय चढवला होता. दोन दिवस उतरलेला चेहरा एकदम उजळला होता. गेलं, मी मनात म्हटलं. संपलं सगळं.

“पंचवीस?” अण्णा म्हणाले. “इतक्या जुन्या मालाला? तो तर तुम्ही केव्हाच खर्ची टाकला असेल.”

“काका, अहो पंचावन्नचे पंचवीस केले!”

“ते तुम्ही केले. मी कुठे मागितले होते? वीस म्हणा.”

मी टेबलाखालून पिशवीचा बंद ओढला. सासऱ्यांच्या हाताला हात लावून थांबवायची आमच्यात रीत नव्हती, नाहीतर मी त्यांचं तोंडच धरलं असतं. “अण्णा! अहो, काय ठरलं होतं आपलं?”

“बोलू दे गं.”

बोरसे मॅडमने आत फोन लावला, हो हो केलं आणि रिसीव्हर ठेवला. “वीस चालतील.”

“अठरा.”

“काका!”

“बरं, पंधरा म्हणा आणि मिटवा. रोख देतो.”

मला त्या क्षणी अण्णांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. घरी माई वाट बघत होती. निघताना काठी टेकत दारापर्यंत आली होती आणि ‘काम झालं की खालूनच हाक मार गं’ म्हणून सांगून गेली होती. आणि इथे हा माणूस आपली हौस भागवत बसला होता. मी उठून उभी राहिले. म्हटलं, आता चारचौघांत सासऱ्याशी भांडले तरी चालेल.

मॅडमने पुन्हा आत फोन केला. या वेळी साहेब आतून हसले ते बाहेर ऐकू आलं. “पंधरा झाले काका. पण आता बास हं. साहेब मलाच घरी पाठवतील.”

“पंधरा,” अण्णा सावकाश म्हणाले. पाय खाली घेतला. पुढे वाकले. “आता मला एक सांग पोरी. पंधरा दिले तर पत्रात काय लिहिशील?”

ती जरा अडखळली. “तडजोडीने खातं बंद, असं लिहू.”

“आणि पूर्ण पंचावन्न दिले तर?”

“पूर्ण भरणा. बाकी शून्य.”

“मग तेच लिही.”

अण्णांनी पिशवी टेबलावर पालथी केली. रबर लावलेली बंडलं बाहेर पडली. मी उभी होते ती तशीच मटकन खाली बसले.

“काका, मग एवढा वेळ कशासाठी—” बोरसे मॅडमने विचारलं.

“बघायचं होतं, किती उतरता ते.” अण्णांच्या आवाजातली ती रंगत आता कुठल्या कुठे गेली होती. “त्या दिवशी पस्तीसला आणलं तेव्हा मला वाटलं, तुमच्या माणसाला मी रडवलं. आज कळलं, तुम्ही पंधरालाही हसता. मी दुकानात उभा जन्म काढला. ज्या साडीचा भाव इतका सहज उतरायचा तिच्यात कुठेतरी खोट असायची, हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकाला आम्ही सांगायचो नाही. तुम्हीही सांगितलं नाही.”

ती पोरगी गोरीमोरी झाली. त्यात तिचा काय दोष? ती तेव्हा शाळेत असेल.

“मोजून घे,” अण्णा म्हणाले. “हे तुमचेच आहेत. त्या दिवशी माझ्या फंडाचे नव्वदच्या नव्वद घेऊन आलो होतो मी, याच कामाला. उरले ते पतसंस्थेत ठेव म्हणून ठेवले. म्हटलं, जिंकलेले पैसे आहेत, पुढेमागे बायकोच्या दुखण्याला होतील. मुद्दल तुमचं घ्या. व्याज मी काढून घेतलंय, ते मागू नका.”

मी अण्णांकडे बघतच राहिले. म्हणजे तेव्हा सगळे पैसे त्यांच्या हातात होते! निमूट भरून आले असते तर हा शेरा नाही, हेलपाटे नाहीत, काही नाही. हे घरात आजवर कुणालाच माहीत नव्हतं, तुषारलाही नाही.

पैसे मोजून झाले. पत्रावर आतल्या साहेबांची सही व्हायला वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही बाकावर बसलो. पत्र हातात आलं तेव्हा मी ते बोट ठेवून वाचलं. पूर्ण भरणा. बाकी शून्य. ‘तडजोड’ शब्द कुठे नव्हता. माझ्या अंगातून भीती अशी निघाली की मला हसू यायला लागलं. “चला अण्णा, गाडे साहेब जेवायला उठायच्या आत पोचू,” मी म्हटलं.

जिना उतरताना अण्णा मध्येच थांबले. कठडा धरून उभे राहिले.

“ज्योत्स्ना, दोन वर्षांपूर्वी त्या बँकेने नाही म्हटलं होतं ना आपल्याला?”

 हेच मी लपवत होते.

“कारण सांगितलं नव्हतं,” अण्णा म्हणाले.

“नोकरी नवी होती यांची. त्यामुळेच असेल.”

“खोटं बोलू नकोस. तुला येत नाही.” ते पायरीवर बसले. वरून खाली माणसं येत-जात होती, त्यांचं त्यांना भान नव्हतं. “तेव्हाच घर झालं असतं. तेव्हाच ती खाली आली असती. मी पंचावन्न हजार वाचवले आणि त्यापायी तिला दोन वर्षं वर कोंडून ठेवली. आणि गावभर सांगत फिरलो, मी जिंकलो म्हणून.”

असं नाही हो अण्णा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते तसंच होतं. माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. अण्णा भर जिन्यात, तोंडाला ती रिकामी पिशवी लावून रडले. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना हाताने वाट करून देत राहिले.

कर्ज मंजूर झालं. शेवटच्या दोन दिवसांत झालं, गाडे साहेबांनी शब्द पाळला. देवरे काकांनी थोडी कुरकुर केली, दातांचा डॉक्टर चडफडला, पण खरेदीखत झालं. आज त्या घरात राहून आम्हाला बरीच वर्षं झाली आहेत. अण्णा आता नाहीत, माईही नाहीत. तरी सामान हलवलं तो दिवस मला काल घडल्यासारखा दिसतो.

तुषार रजा काढून आला होता. खैरनारांची दोन मुलं आणि तुषार, तिघांनी मिळून माईंना खुर्चीत बसवून खाली आणलं. माई घाबरून सारखं ‘हळू रे, हळू रे’ करत होती आणि मध्येच हसत होती. गल्लीतल्या बाया ओट्यावर जमल्या होत्या. नव्या घराच्या दारात खुर्ची टेकवली, मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. तुषारने माईला दंडाला धरून उभं केलं आणि काठी दिली.

“आत चल माई,” तो म्हणाला.

“आत जन्मभर बसायचंच आहे,” माई म्हणाली. “आधी मला फाटकापर्यंत जाऊ दे. रस्ता बघते.” दोन पावलं टाकली आणि थांबली. बाहेर सगळी बारीक खडी पसरली होती. तिने माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, “ज्योत्स्ना, माझ्या चपला कुठेत गं?”

मी सामानाकडे धावले. पोतं उघडलं, खोकं उघडलं. तुषारच्या होत्या, माझ्या होत्या, मुलीचे बूट होते. माईच्या नव्हत्या. मग मला आठवलं. जुन्या केव्हाच टाकून दिल्या होत्या आणि नव्या घ्यायचं आमच्या कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिला लागणार कशाला होत्या?

मी रिकाम्या हाताने दारात आले.  अण्णा भिंतीला टेकून उभे होते, ते पुढे आले. माईच्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही. पायातल्या चपला काढल्या, गुडघे टेकून बसले आणि तिच्या पावलांपुढे नीट जुळवून ठेवल्या.

“इश्श, काय करताय? लोक बघतायत,” माई म्हणाली.

“बघू दे,” अण्णा म्हणाले.

तिने पाय घातले. तिला त्या फार मोठ्या होत होत्या. तशाच फरफटत, काठी टेकत ती फाटकापर्यंत गेली आणि अण्णा अनवाणी खडीवरून तिच्या मागोमाग गेले.